शेवटच्या रात्रीची नोंद

मी लिपिक आहे. वीस-बावीस वर्षे आवक-जावक रजिस्टर, टिपण्या, शेरे आणि सह्या यांतच गेली. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे जे कागदावर नाही ते झालेच नाही. हे वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवले असेल. त्याचा खरा अर्थ मात्र मला गेल्या पावसाळ्यात, आमच्या आत्याच्या खाटेजवळ कळला. तो अनुभव घरातल्या चार माणसांपुरता ठेवू नये असे वाटले, म्हणून हे लिहितो आहे. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली आज एएनएम, जीएनएम होऊन दवाखान्यांत रात्रपाळ्या करीत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांची आई, आत्या, वडील उद्या त्यांच्या हाती असतील त्या सर्वांसाठीही आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. २००९ साली माझे वडील गेले. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. वडिलांना दम लागला म्हणून आम्ही त्यांना एका दवाखान्यात नेले. रात्री मला वॉर्डाबाहेर थांबायला सांगितले. पहाटे बोलावणे आले तेव्हा सगळे संपले होते. पुढे एका कामासाठी केसपेपरची प्रत हातात आली. कागद वाचायची सवय असल्याने मी तो ओळीने वाचला. रात्री १० वाजता नाडी आणि बी.पी. लिहिले होते. त्याखाली मोकळी जागा. मग एकदम पहाटे ५ वाजताची मृत्यूची नोंद. मधले सात तास कोरे.

त्या सात तासांत वडिलांना त्रास झाला का? त्यांनी पाणी मागितले का? मला हाक मारली का? डॉक्टरांना कुणी बोलावले का? यातले काहीच मला आजतागायत ठाऊक नाही. त्या रात्री सबंध वॉर्डला एकच सिस्टर होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून मी तक्रार केली नाही. पण त्या कोऱ्या जागेने मला पुष्कळ वर्षे झोप लागू दिली नाही, हेही खरे.

आता आत्याची गोष्ट. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आयुष्य डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी करण्यात गेले. चिकू उतरवून, टोपल्या वाहून तिने दोन मुलगे शिकवले. थोरला मुंबईला, धाकटा वापीला. म्हातारपणी ती आमच्याकडेच तलासरीला होती. मला कॉलेजच्या फीचे पैसे तिने लुगड्याच्या गाठीतून सोडून दिलेले आहेत, तेव्हा ती माझी दुसरी आईच. गेल्या वर्षी तिला यकृताचा कर्करोग निघाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की आजार पसरला आहे, आता बरे करण्याचे औषध नाही, दुखणे कमी ठेवण्याचे औषध मात्र आहे, ते घराजवळही मिळू शकेल. आम्ही तिला परत आणले. पावसाळ्यात पोटात पाणी वाढले, दुखणे सोसवेना, तेव्हा जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात दाखल केले.

तिथे दुसऱ्या रात्री मी एक चूक केली. आत्या मला कितीदा म्हणाली होती, “मला नळ्या घालू नका रे. छातीवर बुक्क्या मारून मला परत आणू नका.” ते माझ्या मनात घर करून होते. वॉर्डात सामसूम झाल्यावर मी नाइट ड्युटीच्या सिस्टरजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, “सिस्टर, आत्याचं काही कमी-जास्त झालं, तर तुम्ही काही करू नका. तिची तशीच इच्छा आहे.”

सिस्टर पंचविशीची असेल. तिने हातातले पेन खाली ठेवले आणि म्हणाली, “काका, हे तुम्ही मला सांगून चालत नाही. मी असं ठरवू शकत नाही. आत्ता त्यांचा श्वास थांबला तर मला प्रयत्न करावेच लागतील. तुम्ही उद्या डॉक्टरांशी बोला. आत्यांना बोलता येतंय, तर त्यांनाच सांगू द्या. आणि तुम्ही आता जे बोललात ते मी रिपोर्टमध्ये लिहिते, म्हणजे सकाळी सरांना कळेल.”

मला राग आला. मी समजुतीने बोलतो आहे आणि ही मुलगी माझे बोलणे कागदावर चढवते! वाटले, आता हा कागद माझ्यावरच उलटणार. रात्रभर बाकावर बसून विचार केला तेव्हा उमगले की माझ्या कचेरीत कुणी येऊन कानात सांगितले की अमक्याचे नाव कमी करा, तर मी काय करीन? अर्ज आणा म्हणेन. सिस्टरने तेच केले होते. उद्या कुणी विचारले की या बाईला वाचवायचा प्रयत्न का केला नाही, तर ‘तिच्या पुतण्याने रात्री सांगितले’ हे उत्तर कुठल्याच न्यायालयात टिकणार नाही. आणि टिकू नयेच. पुतण्याच्या मनात काय आहे हे सिस्टरने कसे ओळखायचे? प्रत्येक पुतण्या मायेनेच बोलतो असे थोडेच आहे!

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी रिपोर्ट वाचलेला होता. मला बाजूला नेण्याऐवजी ते आत्याच्याच खाटेवर टेकले आणि तिला विचारले. आत्या शुद्धीत होती. तिने स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी दोन्ही मुलांशी फोनवर बोलणे केले, मग केसपेपरवर लिहिले की हृदय बंद पडल्यास छाती दाबणे, नळीने श्वास देणे हे प्रयत्न करू नयेत. कोणाशी बोलले, केव्हा बोलले, कारण काय, हे सगळे त्यात आले. आत्याने सही केली, मी खाली साक्षीदार म्हणून केली. अशा निर्णयासाठी आयसीएमआर या संस्थेने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे दिलेली आहेत हे मला तेव्हा कळले. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि रोग्याचा, रोगी बोलू शकत नसेल तर डॉक्टरांचा आणि जवळच्या नातेवाइकांचा. सिस्टरचे काम म्हणजे तो लेखी निर्णय माहीत असणे, पुढच्या पाळीला तोंडी आणि लेखी कळवणे आणि त्याप्रमाणे वागणे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. या कागदाचा अर्थ ‘उपचार बंद’ असा नाही. दुखण्याचे औषध, तोंड पुसणे, कूस बदलणे, पाणी पाजणे हे चालूच राहणार. हे मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळांना वाटते की असा कागद झाला म्हणजे माणसाला टाकून दिले.

त्याच दिवशी शेजारच्या खाटेवर आणखी एक प्रसंग झाला. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा वारली म्हातारा होता. घरच्यांना त्याला घरी न्यायचे होते. जीव आपल्या घरात जावा ही इच्छा, आणि इथे गेला तर गाडीचे भाडे कुठून आणायचे हा घोर. आपल्या भागात हे रोज घडते. कागदावर त्याला ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेले’ असे म्हणतात. पुष्कळ ठिकाणी एक छापील फॉर्म पुढे करतात, अंगठा घेतात आणि विषय संपतो. इथल्या इंचार्ज सिस्टरने तसे केले नाही. तिने वारली बोलणाऱ्या एका मावशींना बोलावले, घरी नेल्यावर काय होऊ शकते ते त्यांच्या बोलीत सांगायला लावले, मग लिहिले की कोणत्या बोलीत सांगितले, कोणी सांगितले, कोणाला सांगितले, सोबत कोणती औषधे दिली, निघताना नाडी आणि श्वास किती होता. अंगठ्याशेजारी अंगठा देणाऱ्याचे पूर्ण नाव लिहिले आणि साक्षीदाराची सही घेतली.

वाचकहो, या भागात अंगठ्याला मोठा इतिहास आहे. न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उमटवून घेऊन सावकार-जमीनदारांनी इथल्या आदिवासींच्या जमिनी घेतल्या, पिढ्यानुपिढ्या वेठीला धरले. १९४५ साली झरी गावच्या सभेतून वारल्यांचा उठाव झाला तो याच जुलमाविरुद्ध. त्याच मातीत आज एखादी सिस्टर अंगठा घेण्यापूर्वी माणसाच्या बोलीत समजावून सांगते, तेव्हा ती नुसता नियम पाळत नाही. अंगठा देणाराही विचार करणारा माणूस आहे, हे ती मान्य करते.

आत्या चौथ्या रात्री गेली. मी जवळ होतो. दहाव्या-अकराव्या दिवशी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. पाहुणे जेवून उठले आणि थोरला आत्येभाऊ एकदम म्हणाला, “त्या नर्सने रात्री सुई दिली आणि माझी आई गेली. मी सोडणार नाही.” त्याला शेवटच्या क्षणी पोहोचता आले नव्हते, त्याची ती खंत होती हे मला दिसत होते. पण चार माणसांत शब्द उठला. कुणी म्हणाले पोलिसात जा, कुणी म्हणाले पेपरात द्या. त्या पोरीची नोकरी, तिचे नाव, सगळे एका शब्दावर आले.

मी सर्वांसमोर म्हणालो, आधी कागद आणू. रोग्याच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. आम्ही अर्ज केला, प्रत मिळाली. नोंदी इंग्रजीत होत्या. त्या मी भावांना समोर बसवून मराठीत वाचून दाखवल्या.

रात्री ११.१५, पोटात तीव्र वेदना, रोगी कण्हत आहे, डॉक्टरांना कळवले. ११.२५, डॉक्टरांनी तपासले, मॉर्फिन लिहून दिले. ११.३०, मॉर्फिन दिले, किती दिले ते आणि खाली सही. १२.००, वेदना कमी, श्वास मिनिटाला १६, झोप लागली. २.१०, जागी आहे, पाणी मागितले, ओठ ओले केले, पुतण्या जवळ आहे. ४.३५, श्वास मंद, डॉक्टरांना फोन. ४.४५, डॉक्टर आले, लेखी निर्णयाप्रमाणे छाती दाबण्याचे प्रयत्न केले नाहीत, नातेवाइकांना सांगितले. ५.०५, डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला.

सुई आणि मृत्यू यांत साडेपाच तास होते. सुईनंतर आत्या शांत झोपली, जागी झाली, पाणी मागितले. आत्येभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने ती २.१० ची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. त्यानंतर तक्रारीचे नाव त्याने काढले नाही.

त्या दिवसापासून मी ओळखीच्या परिचारिकांना आणि एका वकील मित्राला विचारून विचारून हा विषय समजून घेतला. जे कळले ते थोडक्यात मांडतो.

नोंद घटनेच्या वेळीच करावी, आधी नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवून नाही. उशिरा लिहावी लागली तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे लिहून खरी वेळ टाकावी. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करावी. खाडाखोड, व्हाइटनर, पान फाडणे हे चोराच्या मनात चांदणे दिसल्यासारखेच दिसते, मग काम कितीही चांगले केलेले असो. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर लिहून घ्यावे, त्यांना परत वाचून दाखवावे आणि ते आले की सही घ्यावी. डॉक्टरांना किती वाजता कळवले आणि ते काय म्हणाले हे लिहिलेच पाहिजे, कारण पुढे प्रश्न निघाला की पहिला प्रश्न तोच असतो. मॉर्फिनसारख्या औषधाचा हिशेब वेगळ्या रजिस्टरात ठेवावा लागतो, किती आले, किती दिले, किती उरले. आणि नोंदीत डोळ्यांना दिसले ते लिहावे. ‘रोगी त्रासदायक’ हा शेरा झाला, ‘रोगी वेदनेने ओरडत आहे’ ही नोंद झाली.

मृत्यू जाहीर करणे आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला देणे हे डॉक्टरांचे काम, सिस्टरने ते अंगावर घेऊ नये. सर्पदंश, विष, भाजणे, अपघात अशा मृत्यूत पोलिसांना कळवल्याची आणि अंगावरच्या वस्तू कोणाच्या ताब्यात दिल्या याची नोंद लागते. आपल्याकडे शेतात-वाडीत साप चावण्याचे प्रकार होतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

दोन गोष्टींत घोटाळा होऊ देऊ नये. डॉक्टरांच्या लेखी आदेशाने, योग्य मात्रेत, वेदना थांबवायला औषध देणे हा उपचार आहे. जीव घेण्याच्या हेतूने सुई देणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, मग रोग्याने हात जोडले असोत की नातेवाइकांनी. या दोहोंतला फरक उद्या सिद्ध करायचा तर तो औषधाची मात्रा, वेळ, कारण आणि त्यानंतरचा श्वास यांच्या नोंदीवरूनच होतो.

या विषयावर आपल्या देशाचा कायदा ज्या खटल्यापासून बदलू लागला तो मुंबईच्या एका परिचारिकेचाच आहे. केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला इजा झाली. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. या सगळ्या काळात परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. त्यांना मरू द्यावे अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली, तेव्हा केईएमच्या डीननी प्रतिज्ञापत्र दिले आणि तिथल्या सिस्टरांनी लेखी सांगितले की आम्ही त्यांना सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता याची निकालात दखल घेतली गेली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या माणसांचा मानला. मात्र त्याच निकालाने दारही उघडले. निव्वळ यंत्रावर जगवणे थांबवण्याला काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, मुभा मिळाली.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की सन्मानाने मरणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शुद्धीतल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतो आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. त्याची रीत अवघड होती, ती २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करता येतो. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात लिहायची. एक प्रत नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. माणूस बोलू शकेनासा झाला की डॉक्टरांची एक समिती आणि तिच्यावर दुसरी समिती विचार करते, प्रत्येकीने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. नातेवाइकांची संमती लागते आणि निर्णय अमलात आणण्याआधी दवाखान्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले.

एवढे वाचून कुणाला वाटेल की सगळा भार सिस्टरवरच टाकला. तसे नाही. ज्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते तिथे ती सुई देईल की लिहील? माझ्या वडिलांच्या केसपेपरवरचे सात तास तिने एकटीने कोरे ठेवले नव्हते, ते आपल्या सर्वांच्या दुर्लक्षाने कोरे राहिले. आपण मोर्चे काढतो ते डॉक्टर नाही म्हणून, गाडी नाही म्हणून. रात्रपाळीला पुरेशा परिचारिका द्या, ही मागणीही आपल्या निवेदनांत आली पाहिजे.

घरच्यांनीही आपले काम करावे. माणूस बोलतो आहे तोवर त्याला विचारावे. सिस्टरच्या कानात काही सांगू नये, जे सांगायचे ते डॉक्टरांसमोर आणि कागदावर सांगावे. लांब राहणाऱ्या भावा-बहिणींना आधी कळवावे, म्हणजे नंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भांडण होत नाही. आणि कुणावर बोट दाखवण्याआधी कागद मागावा.

मी माझे इच्छापत्र केले. पत्नी रागावली, म्हणाली, “एवढ्यात काय अभद्र घेऊन बसलात!” पण आत्याचे कागद तिनेही वाचले होते. शेवटी तिनेच साक्षीदार शोधून दिले.

त्या सिस्टरला भेटायला मी एकदा दवाखान्यात जाऊन आलो. तिला आत्या आठवत होती, आपण काय लिहिले ते मात्र आठवत नव्हते. “काका, ते तर रोजचंच आहे,” ती म्हणाली. तिच्यासाठी रोजचे असेल. आमच्या घरी त्या पानाची झेरॉक्स आत्याच्या ट्रंकेत, तिच्या रेशनकार्डाशेजारी ठेवलेली आहे. वडिलांच्या शेवटच्या रात्रीचे असे पान माझ्याजवळ असते, तर किती बरे झाले असते.